‘ग्राहक’ या शब्दाचा माग: शिकागो आणि कोलोनच्या मोफत शब्दकोशांची पारख

बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा रविवार पेठेत संध्याकाळच्या गर्दीत उभं राहिलं की दुकानाच्या आतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, “गिऱ्हाईक आलंय बघ.” शेजारच्या दुकानात तेच कन्नडमधून, “गिराकी बंदार नोड.” आणि दोन्ही दुकानांच्या भिंतीवर सूचना लावलेली असते. मराठीत ‘ग्राहकांच्या माहितीसाठी’, कन्नडमध्ये ‘ग्राहकर गमनक्के’. गिऱ्हाईक, गिराकी, ग्राहक हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे. संस्कृत ‘ग्रह्’ म्हणजे धरणं, पकडणं. त्यावरून ‘ग्राहक’ म्हणजे पकडणारा. खरेदी करणारा हा अर्थ त्यातूनच पुढे निघाला.

शब्दकोश तपासायला यापेक्षा चांगली कसोटी सापडणं कठीण. या शब्दाचा अर्थ बदलला, रूप बदललं, लिंग बदललं, आणि सीमाभागात तो दोन भाषांत एकाच वेळी जिवंत आहे. म्हणून शिकागो विद्यापीठाचं दक्षिण आशियाई शब्दकोशांचं संकेतस्थळ आणि कोलोन विद्यापीठाचं संस्कृत शब्दकोशांचं संकेतस्थळ, अशी दोन ठिकाणं या एका शब्दावर घासून पाहिली आहेत. दोन्ही मोफत आहेत आणि कुठेही खातं उघडावं लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी शिकवणारे, दोन भाषांत भाषांतरं करणारे, पत्रिका आणि फलक छापणारे या सगळ्यांच्या रोजच्या कामाची ही साधनं आहेत. फक्त ती वापरायची रीत ठाऊक हवी, कारण नीट टाइप केलं नाही तर दोन्हीकडे ‘काही सापडलं नाही’ एवढंच उत्तर मिळतं.

आधी कोलोन. इथे मोनियर-विल्यम्सचा 1899 चा संस्कृत-इंग्रजी कोश आहे, वामन शिवराम आपट्यांचा 1890 चा आहे, आणखीही बरेच आहेत. मोनियर-विल्यम्स उघडून ‘ग्राहक’ शोधला की पहिलाच अर्थ मिळतो तो धरणारा, कैद करणारा. त्यापुढे याज्ञवल्क्य स्मृतीचा संदर्भ आहे, अध्याय 2, श्लोक 266. तिथे मूळ शब्द असे आहेत: ‘ग्राहकैर्गृह्यते चौरो लोप्त्रेणाथ पदेन वा’. म्हणजे चोर ग्राहकांकडून पकडला जातो, एक तर चोरीच्या मालावरून नाहीतर पावलांच्या मागावरून. ‘लोप्त्र’ म्हणजे चोरीचा माल, ‘पद’ म्हणजे पाऊल. इथला ग्राहक हा चोर धरणारा राजाचा माणूस आहे, आजच्या भाषेत पोलीस. याच स्मृतीवर विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणमध्ये. या शब्दाची शास्त्रार्थाची चर्चाही आपल्याच भागात झालेली आहे.

कोलोनच्या साइटचं खरं मोल इथे आहे. अर्थासोबत तो कुठे वापरला गेला याचा पत्ता मिळतो, आणि पृष्ठक्रमांकावर टिचकी मारली की छापील पानाचं चित्र उघडतं. टंकलेखनात चूक असल्याची शंका आली तर तिथल्या तिथे पडताळता येते. एक खूण मात्र पाठच करावी. मोनियर-विल्यम्समध्ये अर्थाच्या शेवटी इंग्रजी ‘एल’ अक्षर आणि टिंब असेल, तर तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी नोंदवलेला आहे. प्रत्यक्ष ग्रंथांतला वापर तिथे दाखवलेला नाही. ‘ग्राहक’चा ‘ससाणा’ हा अर्थ या जातीचा आहे. चोर पकडणारा हा अर्थ ग्रंथाच्या आधारावर उभा आहे, ससाण्याचा अर्थ कोशाच्या आधारावर. लेखात किंवा वर्गात दोन्ही एकाच तोलाने सांगितले तर चूक होते, आणि हीच चूक वारंवार दिसते.

आता टाइप करण्याचा भाग. कोलोनवर देवनागरीत थेट शोधता येतं, पण शोधाच्या चौकटीजवळची निवड ‘देवनागरी’ वर आणायची विसरलं की काम अडतं. रोमन अक्षरांत शोधायचं असेल तर हार्वर्ड-क्योटो आणि एसएलपी-1 या दोन पद्धती जास्त चालतात. ‘ग्राहक’ दोन्हींत सारखाच लिहिला जातो, फक्त ‘आ’साठी कॅपिटल ‘ए’. म्हणून पहिला शोध यशस्वी होतो आणि माणूस गाफील राहतो. पुढे ‘गृह्णाति’ हे क्रियापद शोधायला गेलं की गडबड होते. हार्वर्ड-क्योटोत कॅपिटल ‘आर’ म्हणजे ‘ऋ’, तर एसएलपी-1 मध्ये तेच अक्षर म्हणजे ‘ण’; तिथे ‘ऋ’साठी लहान ‘एफ’ लागतो. पद्धत एक निवडलेली आणि अक्षरं दुसऱ्या पद्धतीची, असं झालं की निकाल शून्य. देवनागरी कीबोर्ड असलेल्याने या भानगडीत पडूच नये.

शिकागोचं संकेतस्थळ मराठी माणसाला जास्त जवळचं. तिथे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आहे, दाते-कर्वे यांचा 1932 ते 1938 या काळात निघालेला महाराष्ट्र शब्दकोश आहे, वझे आहेत, बर्नट्‌सन आहेत, आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा 1999 चा जुन्या मराठीचा कोशही आहे. याच छताखाली टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, बरो-एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश आणि स्टाइनगासचा 1892 चा फारसी कोश आहे. मराठी, कन्नड आणि फारसी या तिन्ही वाटा जिथे एकमेकींना छेदतात अशा बेळगावसारख्या ठिकाणी हे सगळं एकत्र मिळणं ही फार मोठी सोय आहे.

पण ‘गिऱ्हाईक’ शोधताना पहिली ठेच इथेच लागते, आणि ती लागते ‘ऱ्ह’ या जोडाक्षराला. मराठीतला हा अर्धा, चंद्रकोरीसारखा ‘र’ संगणकात दोन वेगळ्या रीतींनी साठवला जातो. पहिली रीत: ‘ऱ’ हे खाली टिंब असलेलं स्वतंत्र अक्षर, यूनिकोड क्रमांक 0931, मग हलन्त, मग ‘ह’. दुसरी रीत: साधा ‘र’, क्रमांक 0930, मग हलन्त, मग क्रमांक 200डी असलेलं अदृश्य जोडचिन्ह, मग ‘ह’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पहिल्या रीतीने ‘गिऱ्हाईक’ या शब्दाचे 8 घटक होतात, दुसऱ्या रीतीने 9. शोधयंत्र डोळ्यांनी वाचत नाही, घटक मोजतं. त्यामुळे एका रीतीने साठवलेला शब्द दुसऱ्या रीतीने सापडेलच याची हमी नाही. तिसरी चूक त्याहून साधी. जोडचिन्ह न देता ‘र’, हलन्त, ‘ह’ असं टाइप केलं की अर्ध्या ‘र’चा रफार होतो आणि ‘गिर्हाईक’ उमटतं. फोनच्या कीबोर्डवर घाईत लिहिणाऱ्यांचं हे रोजचं दुखणं आहे. तऱ्हा, वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, गोऱ्हा या सगळ्या शब्दांना तोच रोग आहे.

उपाय असा. संगणकावर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर ‘जे’ची कळ म्हणजे ‘र’, आणि शिफ्टसह ‘जे’ म्हणजे ‘ऱ’. त्यानंतर हलन्तासाठी ‘डी’ आणि ‘ह’साठी ‘यू’ दाबायचा. याने पहिल्या रीतीचं शुद्ध रूप येतं. त्याने सापडलं नाही तर दुसऱ्या रीतीचं रूप एखाद्या लेखातून उचलून चिकटवावं. तेही फसलं तर शब्दाचा नाद सोडून त्याच्या शेजाऱ्याला धरावं: ‘गि’ने सुरू होणारा सोपा शब्द शोधायचा, निकालातल्या पृष्ठक्रमांकावर टिचकी मारायची आणि पूर्ण पान उघडून चाळायचं. छापील कोशात बोट फिरवत जातो तसंच. ही शेवटची रीत मंद असली तरी कधी फसत नाही, आणि जाता जाता आजूबाजूचे चार शब्दही नजरेखालून जातात. ‘गिऱ्हाईक’च्याच शेजारी ‘गिऱ्हा’ भेटतो, पाण्यात राहून माणसाला आत ओढणारं भूत. तोही ‘ग्रह्’चाच वंशज, पकडणारा.

दुसरी ठेच जुन्या लेखनाची. आजचं ‘गाव’ मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांत ‘गांव’ आहे, कारण व्युत्पत्तीने आलेले अनुच्चारित अनुस्वार 1962 च्या लेखननियमांनी गेले आणि हे कोश त्याआधीचे आहेत. ‘बेळगाव’ शोधून काही मिळालं नाही तर ‘बेळगांव’ लिहावं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच, ‘गिऱ्हाईक’ आणि ‘गिऱ्हाइक’ दोन्ही करून पाहावेत.

शोधाचे दोन प्रकार आहेत, फक्त मूळ शब्दांत किंवा कोशाच्या सगळ्या मजकुरात. बहुतेक लोक पहिलाच वापरतात. व्युत्पत्तीसाठी दुसरा जास्त कामाचा. दाते-कर्वे व्युत्पत्ती चौकोनी कंसात देतात, तिथे ‘सं.’ म्हणजे संस्कृत, ‘का.’ म्हणजे कानडी. एखादा संस्कृत शब्द पूर्ण मजकुरात शोधला तर त्यापासून निघालेले मराठी शब्द वेगवेगळ्या पानांवरून गोळा होतात. टर्नरच्या कोशात तर हा शोध अनिवार्यच आहे, कारण तिथे मथळे संस्कृत किंवा कल्पित मूळ रूपांचे असतात आणि मराठी शब्द नोंदीच्या पोटात, इंग्रजी ‘एम’ आणि टिंब या खुणेनंतर येतो. ‘गिऱ्हाईक’ तिथे मथळा म्हणून शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो.

आता व्युत्पत्तीकडे, कारण कोश हातात असले तरी त्यांतून निष्कर्ष काढणं हे वेगळं काम आहे. संस्कृतातला ‘ग्र’ प्राकृतातून मराठीत आला की त्यातला ‘र’ सहसा गळतो. ग्राम म्हणजे गाव, ग्रंथि म्हणजे गाठ. हिंदीत ‘गाहक’ हे रूप या नियमाला धरून आहे. मराठीत मात्र ‘र’ टिकला आहे. जोडाक्षर फोडून मध्ये इकार घातला आहे. याचा अर्थ हा शब्द प्राकृताच्या जुन्या वाटेने घासत आलेला नाही. तो संस्कृतातून नंतर उचलला गेला आणि लोकांच्या जिभेवर वळवला गेला. याला अर्धतत्सम म्हणतात. ‘ग्रहण’चं खेड्यातलं ‘गिराण’ हे त्याचंच भावंड. गुजरातीत ‘घराक’, कन्नडमध्ये ‘गिराकी’. ही रूपं शेजारी शेजारी मांडली की एकच शब्द बाजारपेठांतून कसा फिरला ते दिसतं. कोशातली व्युत्पत्ती ‘सं. ग्राहक’ एवढीच असली तरी वाचणाऱ्याने हा ‘र’ पाहायला हवा.

लिंगाची गोष्टही पाहण्यासारखी आहे. ग्राहक पुल्लिंगी, गिऱ्हाईक नपुंसकलिंगी: ‘तो ग्राहक’, पण ‘ते गिऱ्हाईक’. दुकानाच्या आत बोलताना गिऱ्हाईक ‘येतं’ आणि समोर आल्यावर त्याला ‘या अण्णा’, ‘बसा मावशी’ म्हणतात. त्यात अनादर नाही, बोलण्याची रीतच तशी आहे. आणखी पुढे, ‘त्याचं गिऱ्हाईक केलं’ म्हणजे त्याची चेष्टा केली, त्याला कात्रीत धरलं. चोराला पकडणारा राजपुरुष, मग वस्तू घेणारा खरेदीदार, आणि शेवटी स्वतःच पकडला गेलेला. पकडणारा शब्द असा पूर्ण फिरून पकडल्या गेलेल्याच्या जागी येऊन बसला. हा प्रवास कोणत्याही एका कोशात सलग मिळत नाही. पहिला टप्पा कोलोनवर, दुसरा शिकागोवर आणि तिसरा बाजारात मिळतो.

सीमाभागातल्या भाषांतरकारासाठी एक सावधगिरी. मराठीत ‘गिऱ्हाइकी’ म्हणजे धंदा, मागणी; कन्नड ‘गिराकी’ म्हणजे माणूस. “आज गिऱ्हाइकी नाही” आणि “इवत्तु गिराकी इल्ल” ही वाक्यं कानाला जुळी वाटतात आणि दिवसाच्या हिशोबाला निष्कर्षही एकच, पण शब्दशः पाहिलं तर एकात धंदा नाही आणि दुसऱ्यात माणूस नाही. कन्नड बाजू तपासायला व्ही. कृष्ण यांचा ‘अलर’ हा मोफत कन्नड-इंग्रजी कोश हाताशी ठेवावा. कन्नडचा स्वतःचा ‘पकड’ शब्द वेगळाच आहे, ‘हिडि’. जुन्या कन्नडमध्ये तो ‘पिडि’ होता; आरंभीच्या ‘प’चा ‘ह’ झाला, जसं ‘पाल्’चं ‘हालु’ म्हणजे दूध आणि ‘पुलि’चं ‘हुलि’ म्हणजे वाघ. बरो-एमेनोंच्या कोशात हा शब्द तमिळ ‘पिडि’बरोबर एकाच नोंदीत बसलेला आहे.

फारसी बाजूला तर पकडणाऱ्यांची रांगच आहे. फारसी ‘गिरिफ्तन’ म्हणजे धरणं, आणि वेदातलं ‘ग्रभ्’ हे ‘ग्रह्’चं जुनं रूप, दोन्ही एकाच मुळाची. त्या फारसी धातूचा ‘गीर’ हा अंश समासाच्या शेवटी आला की ‘धरणारा’ असा अर्थ होतो. आलमगीर म्हणजे जग पकडणारा. दस्तगीर म्हणजे हात धरणारा, म्हणजे आधार देणारा. बारगीर म्हणजे ओझं घेणारा; मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. त्याच बारगिरांवरून बंगालमध्ये मराठी स्वारांना ‘बर्गी’ म्हणू लागले. मुलूखगिरीतही हाच ‘गीर’ आहे. दोन ठिकाणी मात्र पाय घसरतो. एक, ‘गिरफ्तार’ म्हणजे पकडणारा नव्हे, पकडला गेलेला. दोन, ‘कारागीर’मध्ये पकडणारा कोणी नाही. तो मुळात ‘कारीगर’, आणि ‘गर’ म्हणजे करणारा, सौदागर-जादूगरमधला. मराठीने तोंडातल्या तोंडात त्याचा ‘गीर’ केला. स्टाइनगासमध्ये दोन्ही प्रत्यय वेगळे पाहिले की गोंधळ मिटतो; पण तिथे शोधताना फारसी लिपी किंवा रोमन लिप्यंतर लागतं, ही मराठी वाचकाची अडचण आहेच.

इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्यांना ‘कॅप्टर’ म्हणजे पकडणारा, या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा असतो. तो लॅटिन ‘कापेरे’ म्हणजे धरणं या क्रियापदाचा; ‘कॅच’ आणि ‘चेस’ ही त्याच घरातली भावंडं, फ्रेंचच्या दोन वेगळ्या बोलींतून इंग्रजीत आलेली. मराठीत एकच शब्द सगळीकडे चालवू नये. ओलीस धरलेल्या माणसाच्या बातमीत ‘ओलीस ठेवणारे’ किंवा ‘अपहरणकर्ते’, युद्धाच्या वर्णनात ‘कैद करणारे’, जनावरांच्या बाबतीत ‘शिकारी’, सापाच्या बाबतीत ‘सर्पमित्र’. आज ‘ग्राहक’ हा शब्द या अर्थाने वापरला तर वाचक दुकानातच जाईल.

तक्रारीच्या जागा दोन. पहिली, मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत आहेत आणि ते इंग्रजीही एकोणिसाव्या शतकाचं. शाळेतल्या मुलाला ते एकट्याने झेपत नाही, तिथे दाते-कर्वे जवळचे. दुसरी जास्त गंभीर. जुन्या कोशांत जातींची आणि जमातींची वर्णनं त्या काळच्या सत्तेच्या नजरेने केलेली आढळतात. ‘पारधी’ पाहा. शब्द संस्कृत ‘पापर्द्धि’ म्हणजे शिकार, त्याचं प्राकृत ‘पारद्धि’, त्यावरून मराठी ‘पारध’, आणि पारध करणारा तो पारधी. शब्दाच्या अर्थात गुन्ह्याचा लवलेश नाही. गुन्हेगारीचा शिक्का 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागच्या सरकारी विचाराने मारला आणि तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. ‘पापर्द्धि’त ‘पाप’ दिसतं म्हणून त्यावरून माणसांबद्दल काही सुचवणं हे तर व्युत्पत्तीच्या नावाखाली केलेला अन्याय आहे. वर्गात हा शब्द शिकवताना कोशातली नोंद तशीच फळ्यावर उतरवू नये.

वापराच्या दृष्टीने शेवटची बाब. शिकागोची पानं मुख्यतः मजकुराची असल्याने खानापूरच्या आतल्या गावांत नेटवर्क जेमतेम असलं तरी उघडतात. कोलोनवरची छापील पानांची चित्रं मात्र वेळ घेतात. नोंद उतरवून घेताना कोशाचं नाव, आवृत्तीचं वर्ष आणि पृष्ठक्रमांक एवढं तरी लिहून ठेवावं, कारण ‘गिऱ्हाईक’ पुन्हा शोधायची वेळ आली की तो अर्धा ‘र’ पुन्हा अडवणारच, आणि मग पृष्ठक्रमांकावरून सरळ त्या पानावर जाता येतं.